जिप्सीचा मागचा डिफरन्शियल: पिनियन प्रीलोडच्या नोंदी

गाडी १९९८ ची जिप्सी, १३०० सीसी पेट्रोल. मीटरवर १,४२,००० किलोमीटर. काम चाळीसगावला, पाटणादेवी रस्त्यावरच्या आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये केलं. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा. त्यातले क्राऊन (मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान गिअर) जुनेच ठेवले, बेअरिंग चारही नवी टाकली. खोलणं-जोडणं दोन-तीन दिवसांचंच होतं. बाकी सगळा वेळ पिनियनच्या दोन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंग मुद्दाम आवळून ठेवण्याचा दाब, बसवण्यात गेला, म्हणून नोंदीही त्याच्याच जास्त आहेत. मी मेकॅनिक नाही. मोटारपंप उघडतो, बसवतो, आणि गाडीचं काम हौसेने करतो.

६ एप्रिल २०२५, रविवार

महिनाभर आवाज येत होता. सपाटीला ५० ते ६५ च्या दरम्यान बारीक गुणगुण. अ‍ॅक्सिलेटर दाबला की कमी, पाय काढला की वाढायची. काल कन्नड घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून गाडी येऊ दिली तर आवाज इतका वाढला की मागे बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, विमान आलं का?"

आज गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा दांडा) काढून पिनियनचा फ्लँज (तो दांडा जोडायची चकती) दोन्ही हातांनी वर-खाली हलवला, तर खट् खट् प्ले (सैलपणा) लागला. इथे हाताला कळेल एवढा प्ले म्हणजे प्रीलोड संपला. गाडी ओढत असताना पिनियन एका बाजूला सरकतो, उतारावर दुसऱ्या बाजूला, आणि दात दर वेळी वेगळ्या जागी भिडतात. उतारावर आवाज का वाढायचा त्याचा उलगडा झाला. ऑइल काढलं तर काळं, आणि उन्हात धरल्यावर चांदीसारखी चमचम.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवर पिनियनचं सील बदललं होतं. मी तिथेच उभा होतो. नट एअर गनने काढला आणि एअर गननेच बसवला. काढण्याआधी नटावर खूण केली नाही, नंतर किती घट्ट फिरतंय ते मोजलं नाही. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून बोललो नाही.

३० तारखेला आखाजी (अक्षय तृतीया). त्याआधी शिरपूरहून ताईला माहेरी आणायचं आहे. आठ दिवसांत गाडी उभी राहील असं घरी सांगून टाकलं.

७ ते ९ एप्रिल

रोज संध्याकाळी साडेपाचनंतर काम. दुपारी पत्र्याखाली पान्याला हात लावता येत नाही, इतका तापतो. मागची ड्रम, ब्रेकचे पाईप, दोन्ही एक्सल. डाव्या बाजूचा एक्सल गंजाने धरला होता, त्यात पूर्ण एक संध्याकाळ गेली. नंतर डिफरन्शियलचा गोळा पुढच्या बाजूने काढून बाकावर घेतला. जिप्सीचं हे बरं आहे, अवघड काम गाडीखाली झोपून करावं लागत नाही.

साइड बेअरिंगच्या टोप्यांवर पंचने खुणा केल्या, डावीला एक ठिपका, उजवीला दोन. टोप्या हाऊसिंगसोबत मशीन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. कडेच्या अ‍ॅडजस्टर नटांचे आटेही मोजून लिहून ठेवले.

एक गोष्ट राहिली: खोलण्याआधी पिनियन किती जोराने फिरतोय ते मोजलं नाही, आणि क्राऊनचा बॅकलॅशही (दातांमधली मोकळीक) घेतला नाही. बेअरिंग खराब होती, तरी बॅकलॅशचा जुना आकडा पुढे कामाला आला असता. हे दहा मिनिटांचं काम होतं.

१० एप्रिल, गुरुवार

पिनियन घेऊन स्टेशनजवळच्या आप्पांच्या लेथवर गेलो. प्रेस त्यांच्याकडेच आहे. बेअरिंग निघाल्यावर त्यांनी फ्लँजकडच्या लहान बेअरिंगचा कोन (आतली कडी) उजेडात धरला. "देख भाऊ, आठे निया पडी जायेल शे."

खरंच, रोलर जिथे फिरतात तो पट्टा निळसर-तपकिरी झाला होता. पोलाद तापल्याशिवाय असा रंग येत नाही. मोठ्या बेअरिंगच्या रोलरवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. माझ्या समजुतीप्रमाणे क्रम असा असावा: गनने नट गरजेपेक्षा जास्त ओढला गेला, प्रीलोड फार झाला, बेअरिंग तापली, पृष्ठभाग सुटायला लागला, झिजली, आणि शेवटी सैल पडली. आज हाताला लागलेला सैलपणा त्या दिवशीच्या अति घट्टपणातून आला.

पिनियनच्या डोक्याखालची शिम (नेमक्या जाडीची पातळ चकती) जपून ठेवली. क्राऊन-पिनियन आणि हाऊसिंग जुनंच असल्यामुळे पिनियनची खोली, म्हणजे तो क्राऊनकडे किती आत बसतो ते, बदलायची नाही. जुन्या आणि नव्या मोठ्या बेअरिंगची उंची मायक्रोमीटरने मोजली. फरक ०.०२ मिमी निघाला, म्हणून तीच शिम परत टाकायचं ठरवलं. शेवटचा निर्णय दात कुठे भिडतात त्या छापावर सोडला.

१२ एप्रिल, शनिवार

हाऊसिंगमधल्या बाहेरच्या कड्या, म्हणजे बेअरिंगचे कप, बसवले. कप गार केले तर आकसून सहज जातात, म्हणून कुल्फीवाल्या मित्राच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवले होते. बाहेर ४२ अंश. पिशवीतून काढताच त्यांच्यावर दव धरलं, पुसेपर्यंत पुन्हा धरलं. शेडवर पोचेपर्यंत अर्धी थंडीही गेली. लहान कप गेला. मोठा मध्येच अडकला, तो पितळी ड्रिफ्टने ठोकून बसवावा लागला. बसल्याचा आवाज बदलतो असं म्हणतात. मला आवाज बदलल्यासारखा वाटला आणि मी पुढे गेलो. ही चूक दोन दिवसांनी निघाली.

मोठ्या बेअरिंगचा कोन इंडक्शनवर ऑइलमध्ये साधारण १०० अंशांपर्यंत तापवून पिनियनवर सोडला. हा मात्र एकदाच आणि नीट बसला.

आज हनुमान जयंती होती. पूजेच्या दुकानातून शेंदराची पुडी आणून ठेवली. दातांचा छाप घ्यायला जुने फिटर तेलात कालवलेला शेंदूरच वापरत. शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म, म्हणून हातमोजे घालायचे, आणि त्या हाताने काही खायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार: पहिला स्पेसर

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन बेअरिंगच्या मध्ये पातळ पोलादी नळी, म्हणजे स्पेसर, असते, तिचा पोटाचा भाग दबण्यासाठीच केलेला असतो. नट आवळत गेलं की नळी दबते आणि बेअरिंग एकमेकांकडे सरकतात. आधी प्ले असतो, मग शून्य, मग प्रीलोड. नटाचा टॉर्क (आवळायला लागणारा पिळाचा जोर) इथे काही सांगत नाही, तो सगळा नळी दाबण्यात खर्च होतो. मोजायचं ते पिनियन फिरवायला लागणारं बळ. आणि नळी एकदा जास्त दबली की परत लांब होत नाही. नट सैल करून आकडा कमी येतो, पण मग बेअरिंगचे कोन आवळलेले राहत नाहीत. अशा वेळी नळी नवीच लागते.

फ्लँज धरायला चार फुटी जाड पट्टी, तिला दोन भोकं पाडून फ्लँजवर बोल्टने जखडली. गोटी-पान्यावर पाच फुटी पाईप. तरी नळी दबायला सुरुवात होईपर्यंत भाच्याला पट्टीवर उभं राहावं लागलं.

मोजण्यासाठी फ्लँजच्या कडेवर सुतळीचे सहा वेढे, टोकाला टांगता काटा, आणि एका वेगाने ओढायचं. फ्लँजचा व्यास ९६ मिमी. नव्या बेअरिंगला मी ९ ते १४ किलो-सेंटिमीटर ही हद्द धरली होती. आपापल्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा घ्या, माझा उचलू नका.

पहिला घोळ काट्याने केला. बॅगा मोजायचा डिजिटल काटा आणला होता. तो सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. पिनियन जागचा हलतानाचा झटका त्यात अडकायचा आणि फिरताना खरा जोर किती ते दिसायचं नाही. भुसार दुकानातून पाच किलोचा स्प्रिंगचा काटा विकत आणला, तेव्हा काटा हलताना वाचता आला. मी दिसेल तसा फिरतानाचा आकडा घेतला, सुरुवातीचा नाही.

दुसरी चूक माझी. ११.५ किलो-सेंमी गाठायचे म्हणून ११.५ ला ९.६ ने भागलं आणि १.२ किलोवर थांबलो. सगळं झालं म्हणून हात धुतले. रात्री वही पाहून मुलीने विचारलं, "बाबा, त्रिज्या घ्यायची ना? तुम्ही व्यास घेतलाय." दहावीची परीक्षा नुकतीच देऊन बसली आहे. त्रिज्या ४.८ सेंटिमीटर, तिने भागलं तर २.४ किलो हवेत. माझ्या हद्दीचे दोरीवरचे आकडे १.९ ते २.९ किलो झाले. बरं की चूक कमीच्या बाजूला होती. टॉर्च लावून पुन्हा आवळलं. थोडं आवळायचं, पिनियन दोन्ही दिशांना दहा-दहा फेरे फिरवायचा, मग वाचायचं. २.४ किलोवर आणलं. बेअरिंगला गिअर ऑइल लावलं होतं. ग्रीस लावलं तर त्याचाच जोर काट्यावर येतो, ते टाळावं.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी चहाआधी फ्लँज फिरवून पाहिला, फार हलका वाटला. सुतळी गुंडाळून मोजलं तर १.१ किलो. रात्रीतून निम्म्याहून जास्त गेला.

नळी आपोआप दबत नाही, नट सुटला नव्हता, त्यावरची खूण जागेवर होती. मग काहीतरी बसलं असणार. ०.०५ मिमीची फिलर गेजची पाती मोठ्या कपाच्या मागे सरकवून पाहिली. तीन ठिकाणी जात नव्हती, एका ठिकाणी सहज गेली. कप तिरका होता. माझ्या फिरवण्याने तो थोडा आत सरकला होता आणि अजून पूर्ण बसलेला नव्हता.

नट आणखी आवळून २.४ करता आले असते. पण कप पुढे कधीतरी पूर्ण बसणार, तेव्हा प्रीलोड पुन्हा जाणार आणि पिनियनची खोलीही बदलणार. सगळं खोलायचं ठरवलं. पहिला स्पेसर गेला.

आज सुट्टी, आप्पांचं दुकान बंद.

१५ ते १९ एप्रिल

प्रेसवर पिनियन काढला, कप काढला. खांद्याच्या कोपऱ्यात जुना कप काढताना माझ्याच पंचने उठलेला धातूचा काटा होता, नखाला लागत होता. तो बारीक कानसाने आणि ऑइलस्टोनने काढला. कप पुन्हा बसवला, या वेळी ठोकून नाही, लांब बोल्ट आणि दोन जाड चकत्यांमध्ये आवळून. फिलर गेज चारही बाजूंनी लावली, कुठेच जात नाही. सोळा-सतरा तारखेला लग्नं होती, काम बंद. एकोणीसला वाऱ्याने शेडमध्ये धूळ शिरली, सगळी बेअरिंग परत डिझेलने धुवून हवेने सुकवली. हवा मारताना बेअरिंग फिरू द्यायची नाही, हाताने धरायची.

२० एप्रिल, रविवार: दुसरा स्पेसर

सकाळी सातला सुरुवात केली. अकरापर्यंत १.७ किलो, आणि सगळं सुरळीत. प्रत्येक वेळी नट कळेल न कळेल इतकाच फिरवत होतो. १.७, मग १.९, मग २.१. माझ्या हद्दीत आलो होतो. इथे थांबता आलं असतं.

पण मनात २.४ होते. बारा वाजत आले होते, पत्रा तापला होता, ताईचा फोन येऊन गेला होता की गाडी झाली का. भाचा पट्टीवर, मी पाईपवर. पाईप अडला. मी सगळं वजन टाकलं आणि तो एकदम गेला. बोटभर अंतर फक्त. मोजलं, ४.६ किलो. पुन्हा फिरवून मोजलं, ४.५.

हे २१ किलो-सेंमीच्या पुढे जातं, माझ्या हद्दीच्या दीडपट. गाडी या घट्टपणाने चालेलही, आणि दोन वर्षांनी आप्पा पुन्हा तोच निळा पट्टा दाखवतील. दुसरा स्पेसरही गेला. दोनच आणले होते.

नळी दबायला लागली की नटाच्या अगदी थोड्या फिरण्याने आकडा खूप बदलतो. पहिल्या किलोला जेवढं फिरवावं लागलं त्याच्या अर्ध्यात पुढचा किलो आला. म्हणून हद्दीच्या खालच्या आकड्यावर आलं की हातातला लांब पाईप काढून आखूड घ्यायचा होता. मी पाच फुटीच ठेवला.

२१ एप्रिल, सोमवार

जळगाव आणि धुळ्याला फोन केले. स्पेसर मागवावा लागेल, आठ ते दहा दिवस. एक मागवून ठेवला. एका जुन्या मेकॅनिकने सांगितलं की दबलेली नळी गोल ठोकून परत लांब करतात. केलेली पाहिलीही आहे. मला ते पटत नाही. ठोकलेल्या नळीची ताकद सगळीकडे सारखी राहत नाही, आणि ती पुढे कधी बसेल हे सांगता येत नाही.

आप्पा म्हणाले, दबणारी नळी सोड, सरळ ठोकळा नळी करू. म्हणजे भरीव भिंतीचा पोलादी स्पेसर, नेमक्या लांबीचा. नट पूर्ण ताकदीने आवळायचा आणि प्रीलोड फक्त लांबीवर ठरवायचा. जास्त लांब तर सैल, आखूड तर घट्ट. चूक झाली तर लेथवर थोडं घासता येतं. जुन्या गाड्यांमध्ये असंच, शिम टाकून करत. मला भीती लेथच्या अचूकपणाची होती. आप्पांनी माझ्यासमोर एक तुकडा फेस करून (तोंड सपाट कापून) मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.

२२ ते २५ एप्रिल: ठोकळा स्पेसर

दुसऱ्या दबलेल्या नळीची लांबी मोजली. तिच्यावर प्रीलोड जास्त येतो, म्हणजे हवी ती लांबी त्याहून थोडी जास्त. आप्पांनी ईएन-८ पोलादाच्या बारमधून ०.१५ मिमी लांब ठेवून पहिली नळी काढली. माझा आकडा इथे मुद्दाम देत नाही. प्रत्येक हाऊसिंगची लांबी वेगळी निघते, आणि कोणी तोच आकडा सरळ कापून बसवला तर बेअरिंग जातील.

चाचणीसाठी जुना नट वापरला, सील बसवलं नाही, टॉर्क दर वेळी एकच, २० किलो-मीटर. पिनियन दर वेळी प्रेसने काढला, हातोडा लावला नाही. एका फेरीला तासाच्या जवळपास लागतो.

पहिल्या फेरीला डायल गेजवर ०.०८ मिमी प्ले. अपेक्षित. दुसऱ्या फेरीत ०.०८ कमी केल्यावर प्ले गेला, दोरीवर ०.४ किलो. तिसऱ्या फेरीत ०.०३ काढले तेव्हा गंमत वेगळीच. काटा एका ठिकाणी १.३ दाखवतो, अर्ध्या फेऱ्यात २.४, परत १.३. पिनियन एका जागी अडकून मग सुटल्यासारखा. पहिल्यांदा वाटलं बेअरिंगमध्ये कचरा गेला. धुतली, तरी तसंच.

आप्पांनी नळी सरफेस प्लेटवर ठेवून डायल लावला. दोन्ही तोंडं समांतर नव्हती, ०.०२ मिमीचा फरक. एक तोंड फेस करून नळी चकमध्ये (लेथच्या जबड्यात) उलटी धरून दुसरं केलं होतं, आणि चक तेवढा चुकतो. बेअरिंगच्या कोनला तिरकं दाबलं की प्रीलोड फेऱ्याच्या एका बाजूला जास्त येतो. हे मोजल्याशिवाय कधीच सापडलं नसतं, कारण सरासरी आकडा बरोबर दिसत होता.

आप्पांनी एक मँड्रेल (नळी आतून धरणारा दांडा) केला, नळी त्यावर बसवून दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये खरडली. समांतर झाली, पण त्यात लांबी गेली. चौथ्या फेरीला ३.४ किलो. आखूड झाली. कागदासारखी पत्ती घालून लांबी वाढवायचा मोह झाला. हव्या जाडीची कडक शिम हाताशी नव्हती, आणि मऊ पत्ती दबते. दुसरी नळी करायला घेतली.

दुसरी नळी सुरुवातीपासूनच मँड्रेलवर. पाचव्या फेरीला ०.७, सहाव्या फेरीला १.६. आता लेथवर जायचं नाही, असं आप्पांनीच सांगितलं. जाड काचेवर बारीक एमरी, त्यावर तेल, आणि नळीने आठचा आकडा काढत घासायचं, दर वीस वेळा वळवायची. ०.०१ मिमीसाठी पाऊण तास लागला. सातव्या फेरीला २.३ किलो, पूर्ण फेऱ्यात एकसारखा. दोन्ही दिशांना दहा फेरे, परत २.३. रात्रभर ठेवला. सकाळी २.३.

२.३ म्हणजे ११ किलो-सेंमी. हात थांबवला.

२६ एप्रिल, शनिवार

सील बसवलं, ओठाला ऑइल. नवा नट, आट्यांना लॉकटाइट, २० किलो-मीटर. सील लावल्यावर दोरीवर २.७ आले. हा जास्तीचा जोर सीलचा, बेअरिंगचा नाही. सील लावूनच मोजणाऱ्याने हे धरलं नाही, तर प्रीलोड कमी राहतो.

क्राऊन बसवला, टोप्या खुणांप्रमाणे. साइड अ‍ॅडजस्टर आवळून बॅकलॅश डायलवर पाच दातांवर घेतला, ०.१३ ते ०.१५ मिमी. मग शेंदूर. घट्टसर कालवून आठ-दहा दातांना बोटाने लावला, क्राऊनला लाकडाने रोध देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवला. गाडी ओढतानाच्या बाजूला छाप दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे. खोलीची शिम बदलायची गरज नाही. हे पाहून आप्पांनी विडी पेटवली. आधी मी त्यांना हात धुवायला लावले.

रात्री गोळा गाडीत चढवला, एक्सल, ब्रेक, ब्रेकमधली हवा काढणं, ८० डब्ल्यू ९० जीएल-५ ऑइल. हे सगळं साडेबारापर्यंत.

२७ एप्रिल, रविवार

पहिले १५ किलोमीटर ५० च्या आत, मग थांबून पिनियनकडचं नाक इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलं. ६१ अंश, बाहेर ४१. थंड होऊ दिलं. संध्याकाळी कन्नड घाट चढून उतरलो. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडला, काच खाली केली. टायरचा आवाज, वारा, आणि मुलगी शेजारी गप्प बसून ऐकत होती. पायथ्याला उतरून मोजलं, ७० अंश. तिथल्या टपरीवर भजी खाल्ली.

२८ एप्रिल, सोमवार

शिरपूर. धुळ्यापासून पुढे हायवेला ट्रक सतत, तरी ६० च्या वर नेली नाही. तापी ओलांडताना वारा भट्टीसारखा. येताना ताई, दोन भाचे, आणि सांजोऱ्यांचा डबा. जाऊन-येऊन २२० किलोमीटरच्या आसपास. घरी आल्यावर नाक ७२ अंश, सीलला ओल नाही.

११ मे, रविवार

५२० किलोमीटर झाले. ऑइल बदललं. जुन्यात करडी झाक आहे, चमचम नाही. चुंबकी नटावर बारीक लेप, बोटाला टोचणारा कण एकही नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडून फ्लँज हलवला, प्ले नाही. सुतळी गुंडाळून फक्त पिनियनचा जोर आता मोजता येत नाही, कारण क्राऊन आणि साइड बेअरिंग सोबत फिरतात. म्हणून २७ तारखेला निघण्याआधी सगळं जोडलेल्या अवस्थेत, चाकं वर असताना एक आकडा घेतला होता: ३.९ किलो. आज ३.६. नवी बेअरिंग बसताना थोडं उतरणारच. पुढची मोजणी २,००० किलोमीटरवर.

खर्च: बेअरिंग चार ४,३५०, सील १४०, स्पेसर दोन ३८०, नट ६०, सीलंट १८०, ऑइल ९००, ब्रेक ऑइल १५०. आप्पांचे प्रेस आणि लेथ मिळून १,५००, ते कमीच घेत होते. हत्यारांत डायल गेज स्टँडसह २,१००, डिजिटल काटा ३५०, स्प्रिंगचा काटा १५०, पट्टी आणि वेल्डिंग २२०. एकूण १०,४८० रुपये. आजचं दुसरं ऑइल धरलं नाही. हाताचे तास ४६, त्यातले ३० प्रीलोडचे.

मागवलेला स्पेसर ३ तारखेला कुरिअरने आला, २७० रुपये. तो आणि मँड्रेल आप्पांच्या दुकानात ठेवले आहेत. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा भागात कोणाची जिप्सी उघडलेली असेल तर त्यांनी तिथून घ्यावं.